मनातली गाडी

मालनताई पुढे आणि मी मागे, असं आमचं वर्षभराहून जास्त चाललं होतं. त्यांची गाडी शेंदरी, माझी जांभळी. दुपारी चार वाजले की मी करमाळ्यात माझ्या शिलाईच्या खोलीत चाक धरून बसायची, त्या श्रीगोंद्याला बंद केलेल्या गिरणीत खुर्ची टाकून बसायच्या, आणि आमच्या गाड्या पोर्तुगालमधल्या कुठल्याशा डोंगरावरून समुद्राकडे सुटायच्या.

मालनताई माझ्या केतकीच्या सासूबाई. म्हणजे माझ्या विहीणबाई.

हा खेळ जावयांनी लावून दिला. केतकी आणि जयदीप ऑस्ट्रेलियात पर्थला गेले, तेव्हा इकडे दोन गावांतली दोन घरं रिकामी झाली आणि दोन्हीत एकेक बाई उरली. दर रविवारी आम्ही एकमेकींना फोन करायचो. "जेवण झालं?" "झालं. तुमचं?" "झालं." त्यापुढे बोलणं सरकत नसे. मग एक दिवस दोन्ही घरी सारखीच खोकी आली. चाक, दोन पायडलं, भिंतीवर उलगडायचा पडदा, कानाला लावायचं यंत्र, आणि उजव्या पोटरीला बांधायचा रुंद पट्टा.

"मामी, बाकी काही विसरलात तरी चालेल, पट्टा विसरू नका," जयदीप म्हणाले.

खेळाचं नाव सुसाट. पहिल्या दिवशी माझं त्याच्याबद्दल मत काही बरं झालं नाही. एक तर हा खेळ एकट्यानं खेळताच येत नाही. कुणी बघत नसताना जरा हात बसवून घ्यावा म्हटलं, तर पडदा सांगतो, थांबा, माणसं येऊ द्या. पंगत पुरी बसल्याशिवाय वाढत नाहीत, तसं. नेट गेलं की चाक नुसतं लोखंड. दुसरं म्हणजे त्यातली माणसं. जगाच्या पाठीवरचा कुणीही येतो, मागून ढुशी देतो, तुम्हाला खड्ड्यात घालतो आणि जाताना अंगठा दाखवतो. एकानं गाडीवर स्वतःच्या म्हशीचं चित्र काढलं होतं. ती म्हैस मला आठवडाभर मागून येऊन गाठत होती.

पण आठवड्यानं काहीतरी बदललं. खेळात सूर्य खाली गेला की रस्ता तांब्याच्या भांड्यासारखा लखलखायचा. इंजिनाची थरथर पायडलातून तळव्याला लागायची. आणि माझ्या पायाला त्याची जागा सापडली. मी जन्मभर ब्लाउज शिवले. मोटरचं मशीन आल्यापासून सगळी कला पायात आली होती. सरळ शिवण असली की पाय दाबायचा, मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, गोलाई आली की हलका करायचा, आणि गोलाई संपायच्या आधीच, अगदी दोन टाके आधी, पुन्हा दाबायचा. रस्त्याचं वळण काही वेगळं नव्हतं. शेवटचं मोठं वळण, जिथे कड्याच्या पोटातून रस्ता एकदम समुद्रावर उघडतो, त्याला मी मनात मुंढाच म्हणायची.

मालनताईंची रीत निराळी. त्यांनी आयुष्य गिरणीत काढलेलं. पट्ट्याच्या घरघरीत गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणून आवाज कायम चढा. कानाचं यंत्र लावूनही त्या अशा बोलायच्या की मधला भीमा नदीचा पट्टा मला हाकेच्या अंतरावर वाटायचा.

"विहीणबाई, मागं बघा, तो म्हशीवाला आला."

"बघितला."

"मग त्याला येऊ देऊ नका. आडव्या व्हा."

"आडवी कशी होऊ, बाई? मी सरळ माणूस."

"तुम्ही व्हा, नाहीतर मी होते." आणि त्या होत. शेंदरी गाडी भर रस्त्यात आडवी, मागे सहा गाड्यांचा ढीग, आणि कानात त्यांचं खदखदून हसणं. रविवारचं "जेवण झालं?" कुठल्या कुठे गेलं. त्यांना गुडघा दुखला की मला आधी कळायचं. माझ्या दारचा पेरू कधी पिकला हे त्यांना माहीत असायचं.

आम्ही जोडीच्या शर्यतीत उतरायचो. दोघींचे क्रमांक मिळून जोडीचा निकाल लागायचा. आमच्या जोडीचं नाव जयदीप यांनी विहिणी असंच ठेवलं होतं. आम्ही दुसऱ्या वर्गापर्यंत चढलो आणि तिथेच अडकलो. पहिल्या वर्गात केतकी आणि जयदीप यांची जोडी होती. मालनताईंचा एकच ध्यास. पहिल्या वर्गात जायचं, आणि पोरांच्या गाडीला गाडी लावायची. "फोनवर तोंड बघून काय होतं," त्या म्हणायच्या. "त्यांच्या शेजारून गेलं पाहिजे. जयदीपला लहानपणी सायकल मी शिकवली. आता त्याला कट मारायचाय मला."

प्रत्येक वेळी चारी बाजूंनी मारामारी करून त्या तिसऱ्या नाहीतर चौथ्या यायच्या. आणि त्यांच्या मागोमाग मी. थोडक्यात राहायचं.

आता ते थोडक्यात का राहायचं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

केतकीच्या लग्नात मी मालनताईंचे पाय धुतले होते. आमच्यात मुलीची आई मुलाच्या आईचे पाय धुते, ओटी भरते, आणि पुढे जन्मभर एक पाऊल मागे चालते. त्या लग्नात विहिणीची पंगत उशिरा बसली, तर मालनताई भर मांडवात पाठ फिरवून बसल्या होत्या. मी हात जोडले तेव्हा उठल्या. ही बाई दुखावली तर झळ माझ्या लेकीला लागेल, एवढं मी तेव्हापासून गाठीला बांधलं होतं. म्हणून शेंदरी गाडी समोर आली की माझा पाय हलका व्हायचा. दुसऱ्या कुणाच्याही गाडीला मी मागे टाकत असे, म्हशीवाल्यालासुद्धा. विहीणबाईंच्या पुढे जाणं मात्र पायाला जमत नव्हतं. आणि हे कुणाला दिसणार थोडंच होतं? खेळच तो.

मग ते दिसायला लागलं.

ते कसं, हे जयदीप यांनी मला फोनवर समजावून सांगितलं होतं, ते मला समजलं तसं सांगते. दूर दूरची माणसं एकत्र शर्यत खेळतात तेव्हा सगळ्यात मोठी अडचण अंतराची. पर्थमधल्या गाडीची खबर करमाळ्यात पोचायला डोळ्याचं पातं लवण्याइतका तरी वेळ लागतो. म्हणजे शेजारची गाडी मला दिसते, ती मघाची. जुन्या खेळांत यंत्र अंदाजानं गाडी पुढे ढकलून दाखवायचं. अंदाज चुकला की गाडी बेडकासारखी उडी मारायची, नाहीतर दुसरीच्या अंगातून आरपार जायची.

त्यावर या लोकांनी तोडगा काढला तो पोटरीवरचा पट्टा. पाय दाबायचं मेंदूत ठरलं की तिथून विजेची बारीकशी लहर नसांतून पोटरीपर्यंत येते. लहर स्नायूत पोचली तरी पाय लगेच हलत नाही. स्नायूला ताण धरायला किंचित वेळ लागतो. पट्टा ती लहर कातडीवरूनच ओळखतो आणि पाय हलायच्या आधीच खबर पुढे धाडतो. पाय पायडलावर पडेपर्यंत खबर समुद्रापार पोचलेली असते. अशा रीतीनं अंतर खाऊन टाकलं. गाड्या उड्या मारायच्या थांबल्या, आणि सारं जग जणू एकाच रस्त्यावर आलं.

पण माणसाचं ठरतं आणि फिरतं. दाबायची लहर येते, आणि तिच्या पाठोपाठ न दाबायची. अशा वेळी यंत्र आपली चूक दुरुस्त करून घेई आणि ती पहिली लहर बाजूला टाकून देई. कतरणीसारखी. खेळ बनवणाऱ्यांच्या मनात आलं, या कतरणी कशाला फेकायच्या? नवशिक्याला दाखवाव्यात, की बाबा, तू इथे घाबरलास, इथे तुझा पाय मागे आला. म्हणून त्यांनी खेळात नवीन बटण दिलं. शर्यत संपल्यावर ते दाबलं की झालेली शर्यत पुन्हा दिसे, आणि प्रत्येक खऱ्या गाडीबरोबर तिच्याच रंगाची एक फिकी गाडी धावे. पाय पहिल्या लहरीसारखाच पडला असता तर गाडी कुठे असती, ती ही गाडी. बटणाचं नाव होतं, मनातली गाडी.

मी वाचायला पन्नाशीनंतर शिकले, तेही केतकीच्या पुस्तकांवरून. त्यामुळे पडद्यावरचं अक्षर न् अक्षर मी सावकाश वाचते आणि मगच बोट लावते. मालनताई आधी बोट लावतात.

त्यांचा फोन आला तेव्हा मी काज करत होते.

"विहीणबाई, हे काय आहे?" आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"काय, ताई?"

"तुमची फिकी गाडी. प्रत्येक शर्यतीत. शेवटच्या वळणावर ती माझ्या पुढं जाते, ती पार समुद्राला लागते. आणि तुमची खरी गाडी माझ्या मागं, शेपटी धरल्यासारखी. मी दहा शर्यती लावून बघितल्या."

मी सुई कापडात टोचून ठेवली.

"मुद्दाम करत होता?"

"ताई, तुम्ही मुलाकडच्या."

"गाडीत कसलं आलं मुलाकडचं आणि मुलीकडचं?" आता आवाज चढला. "म्हणजे मी वर्षभर गावभर सांगत फिरले की विहीणबाईंना मी मागं ठेवते, आणि तुम्ही मला लहान पोराला जिंकू देतात तसं जिंकू देत होता. आणि पहिला वर्ग? तुम्ही पुढं गेला असता तर आपण कधीच तिथं असतो. वर्षभर मी पोरांची वाट बघत बसले, ती तुमच्या पायापायी?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"आत्ता वाटलं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चार वाजता मी चाकापाशी बसले. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या नाहीत म्हणून जोडी नाही, जोडी नाही म्हणून खेळ नाही. पडदा सांगत राहिला, थांबा, माणसं येऊ द्या.

केतकीला सांगितलं तर ती आधी हसली. "आई, तू एकटी नाहीस. इथे गोंधळ चाललाय नुसता. जयदीपच्या ऑफिसात साहेबाला कळलं की सगळी माणसं त्याला ठरवून जिंकू देतात. त्यानं दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. एका बाईला कळलं की नवरा तिच्यासाठी कधीच थांबत नाही, मनातसुद्धा नाही. लोक पट्टे सैल बांधायला लागलेत."

"हसू नको. तुझ्या सासूबाई दुखावल्यात. तुला काही बोलल्या?"

"मला का बोलतील? त्यांना राग आला की ज्याचा आला त्याला सांगतात आणि मोकळ्या होतात. तुला अजून त्यांची भीती वाटते?" मग म्हणाली, "तू त्यांची फिकी गाडी बघितलीस का?"

मी बघितली नव्हती. त्या संध्याकाळी बघितली. शेंदरी गाडी डोंगरावरून निघाली. मी तिची फिकी गाडी शोधू लागले. वळणं गेली, मारामारी झाली, म्हशीवाला आडवा आला, आणि फिकी गाडी काही दिसेना. मला वाटलं बटण बिघडलं. मग एका वळणावर शेंदरी रंगाच्या कडेला बोटभर फिकी कड चमकली आणि पुन्हा आत गेली. गाडी होती. खऱ्या गाडीच्या खालीच धावत होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्या बाईच्या मनात जे येत होतं तेच पाय करत होता. आडवं व्हायचं आलं की आडव्या, पुढे जायचं आलं की पुढे. लग्नात राग आला तेव्हा पाठ फिरवली, राग गेला तेव्हा उठल्या आणि माझ्या हातचं जेवल्या. दुसरं काही त्यांच्यापाशी कधी नव्हतंच. मी मात्र त्या उठल्यानंतरही इतकी वर्षं हात जोडून उभी होते.

अशा माणसाशी फोनवर गोड बोलून भागणार नव्हतं. सकाळी मी चाक जुन्या साडीत बांधलं, पट्टा, पडदा, कानाचं यंत्र आणि पायडलं पिशवीत भरली आणि एसटीत बसले.

"आजी, हे काय?" कंडक्टरनं गाठोड्यावर हात ठेवून विचारलं.

"चाक आहे."

"आणि गाडी?"

"ती पोर्तुगालला असते."

त्यानं तिकीट फाडून हातात दिलं.

मालनताई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मी गाठोडं त्यांच्यापुढे ठेवलं.

"पाणी द्या," मी म्हटलं.

त्या बघतच राहिल्या. लेकीच्या सासरचं पाणी आमच्या घरात कुणी पीत नाही. मी त्यांच्याकडे यायची ती तांब्या बरोबर घेऊन, आणि त्यांना ते माहीत होतं.

"चालेल का?" त्यांनी विचारलं.

"पाणी आहे, त्याला कळत नाही मी कुणाची आई ते."

त्यांनी तांब्या भरून आणला. मी पुरा रिकामा केला. मग म्हटलं, "ताई, एक शर्यत खेळा माझ्याबरोबर. यावेळी मी पाय धरणार नाही. तुम्ही हरलात तर हरलात."

"मी हरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण लबाडी दिसली तर गाठोडं उचलायचं आणि चारच्या एसटीनं जायचं. पुन्हा चाक दाखवायचं नाही."

गिरणीत दोन खुर्च्या शेजारी लागल्या, भिंतीवर दोन पडदे. नवं बटण आता चालू शर्यतीतही लावता येत होतं. मालनताईंनी ते लावलं. लबाडी जागच्या जागी पकडायची होती.

दिवा हिरवा झाला. डोंगर निम्मा उतरेपर्यंत आम्ही तिसऱ्या आणि चौथ्या. पुढे दोन कोरियाच्या गाड्या. त्यांना मागे टाकलं तर पहिला वर्ग. शेंदरी गाडी माझ्यापुढे होती आणि मला सरळ जागा दिसत होती. जायचं, असं मी ठरवलं. अगदी दात आवळून ठरवलं. पडद्यावर जांभळी फिकी गाडी सुटली आणि शेंदरीच्या पुढे गेली. खरी गाडी मागेच.

"पाय," मालनताई म्हणाल्या.

"दाबतेय."

"कुठं दाबताय? ती बघा फिकी गेली. तुम्ही इथंच."

"ऐकत नाहीये तो." खरंच ऐकत नव्हता. मला वाटायचं मी समजून उमजून मागे राहते. पण ते मागे राहणं समज यायच्या आधीच पोटरीत येऊन बसत होतं. मी माझ्या पायाकडे बघितलं. तो कुणा दुसऱ्याच बाईचा असावा तसा हलका होऊन बसला होता. आणखी एक वळण गेलं. फिकी गाडी पुढे, मी मागे. मला रडू यायला लागलं. आता ही मला एसटीत बसवणार.

मालनताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "लग्नात तुमची बुंदी कडक होती."

"काय?"

"बुंदी. दाताला लागत होती. पाकच नव्हता तिला. आमच्या भावजयीचा दात आठ दिवस दुखत होता."

त्या बुंदीसाठी मी बार्शीहून आचारी आणला होता. पहाटेपासून कढईपाशी मी स्वतः उभी होते.

"तुमच्या भावजयीला दात होते कुठे?" मी म्हटलं. आणि पाय दाबला.

इंजिन असं ओरडलं की गिरणीचा पत्रा थरथरला. मुंढा समोर होता. मी पाय हलका केला, गोलाई धरली, आणि दोन टाके आधी दाबला. शेंदरी गाडी माझ्या काचेतून बाजूला गेली. मग एक कोरियाची गाडी गेली. मग दुसरी. समुद्र एकदम सगळ्या भिंतीवर पसरला, आणि माझ्यापुढे कुणाचाही दिवा नव्हता. रिकामा रस्ता मी पहिल्यांदाच बघत होते. इतका सुंदर रस्ता आणि मी वर्षभर त्यावर मागचे दिवे बघत होते.

मी पहिली आले. माझ्या मागून बांध फुटल्यासारख्या मालनताई घुसल्या, एका कोरियावाल्याला कठड्याला घासून दुसऱ्याच्या पुढे, आणि दुसऱ्या आल्या. विहिणी पहिल्या वर्गात, असं पडद्यावर आलं. मी ते सावकाश, पुरतं वाचलं.

मालनताई पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. "भावजयीला दात होते कुठे," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मी त्यांची पाठ थोपटली.

"बुंदी खरंच कडक होती?" मी विचारलं.

"होती."

"थोडी होती," मी कबूल केलं.

चारची एसटी गेली. मी राहिले. रात्री त्यांनी पिठलं केलं, मी भाकरी थापल्या, आणि जेवताना त्यांनी मला मुंढ्याचं वळण पाटावर शेंगांनी मांडायला लावलं. कुठे पाय हलका करता, कुठे दाबता, दाबायचं कधी ते कसं कळतं. मी त्यांच्या हातात कापड देऊन त्यांच्या जुन्या शिलाई मशीनवर गोलाई मारायला बसवलं. सुई मोडली. दुसरी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या वर्गाच्या रांगेत आमच्या पुढेच दोन हिरव्या गाड्या उभ्या होत्या. केतकी आणि जयदीप. मालनताईंनी सुटल्या सुटल्या लेकाला कट मारला.

"आई, अगं काय हे?" जयदीप कानात ओरडले.

"सायकल कुणी शिकवली होती?" असं म्हणून त्या पुढे गेल्या. केतकी तिकडे हसत होती, आणि माझ्या शेजारून जाताना तिनं हॉर्न वाजवला. मी पण वाजवला. इतक्या महिन्यांत लेक माझ्या इतक्या जवळून गेली नव्हती.

मुंढ्यावर मी पहिली पोचले. पाय हलका केला, गोलाई धरली, आणि आता दाबायचा म्हणते तोच आतल्या बाजूनं, जिथे जागा नाही असं मी धरून चालले होते तिथून, शेंदरी गाडी आली. त्यांनी माझ्याआधी पाय दाबला होता. मी पाय पुरता दाबला. खरोखर पुरता. तरी शेंदरी गाडी गेली, आणि समुद्रावर माझ्यापुढे तिचा दिवा दिसत राहिला. मी जंग जंग पछाडलं. तो दिवा काही जवळ आला नाही.

त्या जिंकल्या. मी हरले. इतक्या दिवसांत मी मालनताईंकडून पहिल्यांदाच खरोखर हरले होते, आणि मला इतकं वाईट वाटलं की हसू आवरेना.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. कपाळावर घाम होता आणि हात चाकावरून सुटत नव्हते. "बघितलंत ना?"

"बघितलं. पुन्हा."

"आधी जेवून घेऊ की. भूक लागलीय."

"नाही," मी म्हटलं. "आधी पुन्हा. बसा खाली."

आणि विहीणबाई बसल्या.